दुसरी रेघ

“हीटर लाव,” दस्तगीरचाचा म्हणाले.

एप्रिलातली दुपार होती. उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजचा पत्रा असा तापला होता की त्याच्याखाली उभं राहणाऱ्याची टाळू भाजत होती. अशा उकाड्यात गाडीत बसायचं, काचा वर घ्यायच्या आणि हीटर लावायचा. पण हीटरच्या नळ्यांना कुणी हात लावला की चाचांच्या गॅरेजात शेवटची तपासणी हीच असायची.

“कोल्हापुरात हीटर लावतंय कोण, चाचा?” गिऱ्हाइकं हसायची.

“तुमच्यासाठी न्हाई लावत. इंजिनाला इचारायला लावतोय, बरं हाय का म्हणून.”

खरं होतं ते. इंजिनात उकळणारं पाणीच त्या दोन नळ्यांतून डॅशबोर्डच्या मागं येतं आणि तिथून परत जातं. हीटर लावला आणि समोरच्या जाळीतून गरम वारा आला, म्हणजे पाणी सगळीकडं फिरतंय. गार वारा आला, तर नळीत हवा अडकून बसलीय. मग इंजिन आतून शिजतं, आणि समोरचा तापमानाचा काटा मात्र शहाण्या पोरासारखा खाली बसून राहतो, कारण त्याच्या टोकालाही पाणी नसतं, हवाच असते.

आमच्याकडं रीत होती. गाडी गॅरेजबाहेर पडायच्या आधी पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात खडूनं तीन रेघा मारायच्या. पहिली काम केलेल्याची, दुसरी तपासलेल्याची, तिसरी गाडी जोतिबाच्या चढावर फिरवून आणलेल्याची. चाचांना लिहायला-वाचायला येत नव्हतं. तीन रेघा दिसल्या की ते मालकाच्या हातात किल्ली द्यायचे. ज्याची रेघ, त्याची जबान, असं त्यांचं म्हणणं. दुसरी रेघ अकरा वर्षं माझी होती.

मी आत बसलो, हीटर पूर्ण फिरवला आणि जाळीवर पंजा ठेवला. पहिली रेघ काचेवर दिसत होती. ती हिंदूरावची.

हिंदूराव चौगुले कागलकडचा. माझ्यानंतर सात वर्षांनी गॅरेजात आला. बोलायला गोड, जेवायला दांडगा, आणि हात असा की चाचासुद्धा बघत उभे राहायचे. गाडी होती फौंड्रीवाल्या मगदूमसाहेबांची, दोन दारांची, जुनी, जपानी, दुधासारखी पांढरी. महाराष्ट्र दिनाला पॉलिटेक्निकच्या मैदानावर गाड्यांचं प्रदर्शन होतं. तिथं परीक्षक बोनेट उघडून बघतात. बोनेटखाली इंजिन सोडून दुसरं काही दिसता कामा नये, असा मगदूमसाहेबांचा हट्ट. वायरी लपल्या, पत्र्याची भोकं बुजली. राहिल्या हीटरच्या दोन काळ्या रबरी नळ्या. इंजिनावरून आडव्या जाणाऱ्या त्या नळ्या साहेबांच्या डोळ्यांत खुपत होत्या.

“काढून टाका की सरळ,” साहेब म्हणाले.

“काढायच्या न्हाईत,” हिंदूराव म्हणाला. “लपवू. इंजिनाला त्या लागत्यात.”

तीन दिवस तो त्या कामाला बसला. तांब्याच्या नळीत सुकी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद करायची, ज्योतीवर तापवायची आणि गुडघ्याशी धरून हळूहळू वाकवायची. वाळूमुळं नळी चेपत नाही. मी करायला गेलो की नळी मोडायची. तो करायचा तेव्हा ती आपणहून वळतेय असं वाटायचं. त्याच्या दोन्ही नळ्या इंजिनाच्या पोटाखालून गेल्या, मागं इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या भिंतीशी वर आल्या आणि भिंतीतून आत शिरल्या. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ते पाहून मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट होती. मागं वर आलेलं वळण रेडिएटरच्या झाकणापेक्षा चार बोटं उंच होतं. हवा अडकली तर तिथंच अडकणार. हिंदूरावलाही ते ठाऊक होतं. त्यानं वळणाच्या माथ्यावर बारीक स्क्रू ठेवला होता, हवा सोडायला. सकाळी त्यानं हवा काढलीही होती. चाचा तेव्हा सामान आणायला गेले होते. मी चहा पीत बघत होतो.

चाचा परत आले ते माझ्याशेजारीच बसले.

“महिपती, तुला एक सांगायचंय. पाऊस लागायच्या आत मी मिरजंला लेकीकडं जाणार, कायमचा. गुडघं चालंनात आता.”

“मग गॅरेज?”

“हिंदूरावच्या हातात देणार. तू हायसच की त्याच्या जोडीला.”

मी कप खाली ठेवला. “अकरा वर्षं झाली, चाचा.”

“व्हय. तपासण्यात तुझा हात कुणी धरणार न्हाई. पण तुझ्या हातात नवं काय येत न्हाई, बाबा. आता वाईट वाटून घिऊ नको.”

वाईट वाटून घिऊ नको. माणसाला मुस्काटात मारायची आणि वर फुंकर घालायची, ही म्हाताऱ्यांची जुनी खोड आहे. ‘जोडीला’ म्हणजे हाताखाली, एवढं मला कळत होतं. बाहेर हिंदूराव स्क्रू घट्ट करत शीळ घालत होता.

हे सगळं सकाळचं. आता दुपार होती, हीटर पूर्ण फिरवलेला होता आणि माझा पंजा जाळीवर होता.

वारा गार होता.

मी हात काढला, शर्टाला पुसला, पुन्हा ठेवला. गारच. हवा पुन्हा धरली होती. हीटर उघडल्यावर आत साचलेली हवा वळणाच्या माथ्यावर जाऊन बसली असणार. कुणाच्याही हातून होणारी गोष्ट. स्क्रू दोन आटे फिरवायचा, फुस्स करून हवा जाते, पाणी येतं, स्क्रू बंद करायचा. पाच मिनिटांचं काम.

“काय रं?” काचेबाहेरून चाचांनी विचारलं.

मी दार उघडून उतरलो. खिशातला खडू काढला आणि हिंदूरावच्या रेघेशेजारी माझी रेघ मारली. सरळ, ठसठशीत.

माझ्या मनात काय होतं ते सांगतो, उगीच आडपडदा नको. चढावर इंजिन तापेल, त्याचं हेड, म्हणजे माथ्याचा धातूचा भाग, वाकेल, साहेब थयथयाट करतील, आणि चाचांना कळेल की वाळू भरून नळ्या वाकवणं वेगळं आणि गॅरेज सांभाळणं वेगळं. एवढंच होतं. एका माणसाची फजिती, एका इंजिनाचा खर्च. माझ्या हिशेबात तो फार मोठा गुन्हा नव्हता.

चाचा मालकाला गाडी कधीच चढावर नेऊ द्यायचे नाहीत. “जा दोघं, फिरवून आणा,” म्हणाले. हिंदूराव चालवायला बसला, मी शेजारी. निघताना त्यानं रेघांकडं बघितलं आणि हसला. सवयीनं त्यानंही हीटर लावला, जाळीवर हात ठेवला. तो क्षणभर थांबला, हाताचा तळवा बघितला, मग हीटर बंद करून काच खाली घेतली.

“लई उकडतंय मर्दा,” एवढंच म्हणाला.

वडणगे फाटा सोडला आणि चढ सुरू झाला. समोरून जोतिबाचं दर्शन घेऊन उतरणाऱ्या जीपा येत होत्या, आतली माणसं गुलालानं माखलेली. एका जीपमधून कुणीतरी आमच्याकडं बघून “चांगभलं!” ओरडलं. हिंदूरावनं हॉर्न वाजवून उत्तर दिलं. तो खुशीत होता.

“चाचा बोललं का तुला? मिरजंचं?” त्यानं विचारलं.

“बोललं.”

“मी त्यास्नी काय म्हणलोय ठाऊक हाय? म्हणलं, पाटीवर दोघांची नावं घालायची. तपासणारा भरवशाचा नसंल तर माझ्या नळ्या काय चाटायच्यात? चाचा म्हणलं, बघू. बघू म्हणलं म्हणजे झालंच की.”

मी काट्याकडं बघत होतो. काटा खाली होता.

“काय रं, गप का? आवडलं न्हाई व्हय?”

तेव्हा बोलता आलं असतं. गाडी थांबव म्हणालो असतो तर तिथंच सावलीत उभी करून, स्क्रू फिरवून, तासाभरात परत गेलो असतो. पण थांबव म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं. आधी त्या रेघेचं सांगावं लागलं असतं. अकरा वर्षांत माझी एकही रेघ खोटी निघाली नव्हती. माझ्याकडं दुसरं होतंच काय? पाटीवर अर्धं नाव मिळणार म्हणून मी माझं अख्खं नाव त्याच्या पायाशी टाकायचं? मी म्हणालो, “आवडलं की.”

दोन वळणं गेली आणि इंजिनाचा आवाज बदलला. आधी बारीक टकटक, मग जळल्यासारखा गोडसर वास. हिंदूरावनं लगेच गाडी कडेला घेतली. बंद केली. बोनेट उघडलं. कुठं गळती नाही, वाफ नाही. नळ्या तर दिसतच नव्हत्या, त्या न दिसण्यासाठीच तर केल्या होत्या.

“काटा बघ रं,” तो बोनेटमागून म्हणाला.

“खाली हाय.”

“वासावरनं तर तापल्यागत वाटतंय.” त्यानं रेडिएटरच्या वरच्या जाड नळीला हात लावला. “ही पण कोमटच हाय. पाणी कमी झालं काय?”

तो हलगर्जी माणूस नव्हता, हे मला इथं सांगायलाच हवं. त्यानं काटा विचारला, नळी चाचपली, गळती शोधली. शहाणा माणूस जे जे बघतो ते सगळं त्यानं बघितलं. हवा अडकली की या सगळ्या खुणा खोटं बोलतात. खरं फक्त एकच बोलते, आतली जाळी. आणि जाळीची साक्ष माझ्याकडं होती.

मी गाडीतून उतरून त्याच्याजवळ आलो. त्यानं खांद्यावरचं फडकं रेडिएटरच्या झाकणावर टाकलं आणि त्यावर पंजा रोवला.

आत पाणी उकळतंय, हे मला माहीत होतं. गाडी बिघडेल एवढंच तोवर ठरवलेलं होतं. आता गाडीचा प्रश्नच उरला नव्हता. एक शब्द पुरला असता. “थांब” म्हणायला किती वेळ लागतो? मी थांब म्हणालो नाही. मी दोन पावलं मागं सरलो.

त्यानं झाकण फिरवलं.

तो आवाज मी सांगणार नाही. पाणी वर उडालं ते माणसाच्या उंचीइतकं, आणि तो अजून वाकलेलाच होता. फडकं उडून रस्त्यापलीकडं पडलं. त्यानं तोंड धरलं, आणि मग तोंडाला हातही लावता येईना म्हणून हात हवेत धरले. “महिपा, पाणी,” तो म्हणाला, “गार पाणी.” माझ्या अंगावर थेंबसुद्धा आला नव्हता.

उतरणाऱ्या एका जीपमधल्या लोकांनी त्याला उचललं. त्यांच्या हातांचा गुलाल त्याच्या शर्टाला लागला, मानेला लागला. कुठलं लाल कशाचं, ते कळत नव्हतं. जीपमधली एक म्हातारी त्याच्या तोंडावर पदरानं वारा घालत सारखी म्हणत होती, “काय न्हाई रं बाळा, काय न्हाई.”

दवाखान्याच्या व्हरांड्यात चाचा धापा टाकत आले. त्यांनी माझा दंड धरला.

“जाळीवर हात ठेवलतास?”

“ठेवलता.”

“गरम होती?”

“गरम होती, चाचा. रेघ मारली की.”

त्यांनी माझा दंड सोडला. अकरा वर्षांच्या रेघांनी माझ्या वतीनं साक्ष दिली. ते आत गेले, आणि डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या माणसाच्या खाटेशी उभं राहून म्हणाले, “तापलेल्या गाडीचं झाकण उघडतंय का कोण? एवढी वर्षं काय शिकलास माझ्याकडं? माती खाल्लीस की रं.” ते रडत होते, आणि रडतारडता शिव्या देत होते. हिंदूरावचे ओठ सुजले होते. त्यानं तोंड माझ्या बाजूला वळवलं. तिथं मी उभा आहे हे त्याला कसं कळलं, कुणास ठाऊक.

मी त्या संध्याकाळीच जोतिबाच्या रस्त्यावरून गाडी ओढून आणली. कुणी बघायच्या आत वळणाच्या माथ्यावरचा स्क्रू दोन आटे सोडला. फुस्स करून हवा गेली. पाणी भरलं. नशीब असं माझं, की हेड वाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतः आत बसून जाळीवर हात ठेवला आणि मान हलवली. जाळी भट्टीसारखी गरम होती. मी गाडी चढावर फिरवून आणली, आणि तिसरी रेघ त्यांनी माझ्याकडून मारून घेतली.

प्रदर्शनात गाडीला पहिला नंबर मिळाला. परीक्षकांपैकी एकजण बोनेटमध्ये पार डोकं खुपसून बघत होता. “हीटरच्या नळ्या कुठं आहेत?” त्यानं विचारलं.

“आहेत, शोधा,” मी म्हणालो. सगळे हसले. ढाल घेताना मगदूमसाहेबांनी मला मंचावर ओढलं, आणि मी गेलो.

हिंदूरावचा डावा डोळा गेला. उजव्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. पाऊस लागायच्या आत चाचा मिरजेला गेले, आणि पाटीवर एकच नाव लागलं. तीन वर्षांनी मी हिंदूरावला गॅरेजात आणून बसवला. लोक मला मोठ्या मनाचा म्हणतात, म्हणू देत. खरं कारण असं की, तो कागलला घरी बसून कुणाशी काय बोलतो या काळजीनं मला झोप येत नव्हती. डोळ्यांसमोर असलेला बरा.

त्याला काम काय द्यायचं? जाळीवर हात ठेवायचं दिलं. आणि त्यात तो माझ्याहून वरचढ निघाला. तळवा टेकवायचा अवकाश, “डाव्या अंगाला गार हाय, हवा हाय आत,” असं सांगायचा. गिऱ्हाइकं मुद्दाम बघायला थांबायची. दुसरी रेघ तोच मारू लागला, डाव्या हाताच्या बोटांनी काचेची कड चाचपत. अशी चौदा वर्षं गेली. त्या दिवसाबद्दल त्यानं कधी शब्द काढला नाही, आणि मीही कशाला काढू?

गेल्या महिन्यात मगदूमसाहेबांचा जावई ती पांढरी गाडी घेऊन आला. नळ्या अजून त्याच होत्या, हिंदूरावच्या. तांब्यावर हिरवट कळंक चढलेला, पण एक थेंब गळत नव्हता. नवं पाणी भरलं, इंजिन चालू केलं. हिंदूराव आत बसला आणि त्यानं जाळीवर पंजा ठेवला.

“गरम हाय,” तो म्हणाला.

का कोण जाणे, मी खिडकीतून हात आत घातला आणि जाळीवर ठेवला. गरमच होती.

“इस्वास न्हाई व्हय?” हिंदूराव म्हणाला.

“तसं न्हाई रं. ही गाडी म्हणून.”

“त्या दिवशी मीबी ठेवलता हात,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, चहा मागवावा तसा बोलत होता. “निघताना. तुझ्या शेजारी बसून. गार लागली मला. हात बघितला, म्हणलं, उन्हानं तापलाय, म्हणून गार लागत असंल. समोर काचेवर तुझी रेघ होती. म्हणलं, महिपाची रेघ हाय. माझाच हात चुकत असंल.”

इंजिन सुरूच होतं.

“झाकण फिरवायच्या आधी खडीवर दोन पावलं वाजली,” तो म्हणाला. “ती मागं गेली. ते ध्यानात येईतवर माझा पंजा फिरला होता.”

“चौदा वर्षं माझ्याजवळ बसून का बोलला न्हाईस?” माझ्या तोंडून निघालं.

“बोलून काय डोळं येणार होतं? आणि चाचानं कुणाचं ऐकलं असतं?” त्यानं कानामागचा खडू काढला आणि माझा आवाज होता त्या दिशेला, बरोबर माझ्या हातापाशी धरला. “घे. हिच्यावर रेघ तू मार. तुझ्या रेघंपुढं माणूस स्वतःच्या हाताचंबी ऐकत न्हाई.”

जावई चाव्या खुळखुळवत दारात उभा होता. “झालं का मालक?” त्यानं विचारलं.

मी खडू घेतला आणि काचेच्या डाव्या कोपऱ्याशी गेलो. हिंदूरावनं इंजिन बंद केलं. मान एका बाजूला कलती करून तो खडू काचेवर घासल्याचा आवाज ऐकत राहिला, रेघ पुरी होईपर्यंत.